दारची कोंबडी आणि गळ्यातली माळ

वैशाखातील एकादशीची गोष्ट. कीर्तन आटोपून आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो होतो. मंडळी पांगली होती. आमच्याच वाडीतील एक बाई पदर सावरीत पुढे आल्या. वय साठीच्या घरातले, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा पोटासाठी मुंबईस. वाडीत त्यांना लहानथोर सगळे आक्काच म्हणतात. पाया पडून त्या म्हणाल्या, "बुवा, औंदा आषाढीला माळ घालावी म्हंते. पर दारात सात कोंबड्या हायेत. त्यांचं काय करू?"

आम्ही फारसा विचार न करता बोलून गेलो, "त्यात अवघड ते काय? बाजारात विकून टाका आणि मोकळ्या व्हा."

आक्का जरा थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "इकते की. पर घेनारा त्या काय पाळाया नेनार हाय व्हय? मान त्यानं मोडायची, पैसं म्या घ्यायचं, आन् त्याच पैशानं पंढरीला जाऊन माळ घालायची. इठोबाला चालंल का ते?"

आम्ही निरुत्तर झालो. "विचार करून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री झोप आली नाही. कारण आक्कांना जो उपदेश केला, तोच आम्ही स्वतः एकदा आचरला होता. आमच्या गळ्यात माळ आली तेव्हा घरी आईच्या कोंबड्या होत्या. माळकऱ्याच्या दारात कोंबड्या शोभत नाहीत म्हणून आम्ही त्या पायांस दोरी बांधून बाजारात नेल्या, आलेल्या पैशांत थोडी भर घातली आणि टाळांची जोडी घेतली. आपण शुद्ध झालो असेच तेव्हा वाटले. आई काही बोलली नाही. फक्त तिन्हीसांजेला रिकाम्या डालग्यापाशी उगीच उभी राहिली. ते टाळ अजून आमच्या हातात आहेत.

सज्जनहो, आक्कांचा प्रश्न कोंबड्यांपुरता नाही. साधेपणाने राहावे असे आपण सर्वच म्हणतो, आणि कीर्तनात तर हटकून सांगतो. परंतु साधेपणा म्हणजे काय? जाडेभरडे कापड, एकवेळ भाकरी, गळ्यात माळ, एवढ्याने तो पुरा होतो काय? की आपल्या जगण्याचा भार कोणाच्या पाठीवर आणि कोणाच्या मानेवर पडतो, हे पाहण्याची त्यात काही अट आहे?

संतमंडळींकडे पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. सावता महाराज अरणच्या मळ्यात राबले. गोरोबाकाकांनी तेरला चिखल तुडवला आणि चाक फिरवले. नरहरी महाराज पंढरीत सोनारकाम करीत. सेना महाराज हजामत करीत. जनाबाईंचे तर जातेच देवाच्या ओळखीचे. हाताला काम आणि मुखाला नाम, ही आपल्या संप्रदायाची जुनी घडण आहे. आम्हांस वाटते, यात पोटापाण्याच्या सोयीपलीकडचे एक मर्म आहे. जो हाताने वस्तू करतो त्याला त्या वस्तूची खरी किंमत कळते. ज्याने मडके घडवले तो मडके सहज फोडत नाही.

आमच्या माणदेशातील घोंगडीच घ्या. वारीत ती खांद्यावर टाकून आपण चालतो. पावसात ती छत्री, रात्री ती अंथरूण. पण ती येते कोठून? मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजायची, धनगरांच्या बायाबापड्यांनी चरख्यावर तिचे सूत काढायचे, मग सनगराने खड्ड्याच्या मागावर बसून ती विणायची. सुताला चिंचोक्याची खळ द्यायची, ती कुंच्याने सारखी करायची आणि उन्हात वाळवायची. एका घोंगडीमागे इतक्या जणांचे हात. हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, तो घोंगडीवाल्याशी घासाघीस करताना अडखळेल. परंतु आम्ही काय पाहतो? शहरातल्या दुकानात काचेआडच्या वस्तूची चिठ्ठी वाचून निमूट पैसे मोजणारा मनुष्य यात्रेत घोंगडीवाल्यापुढे मात्र दहा-वीस रुपयांसाठी अर्धा तास घालवतो, आणि वर घरी येऊन सांगतो, "काटकसर केली हो!"

ही काटकसर नव्हे. दुसऱ्याच्या घामातून आपला पैसा वाचवणे याला दुसरे नाव आहे, ते येथे लिहीत नाही.

मग काटकसर कशास म्हणावे? ती आमच्या आयाबायांना विचारावी. लुगडे विरले की त्याची गोधडी. खाली-वर जुने लुगडे, मध्ये धोतरांचे आणि सदऱ्यांचे तुकडे. कडेपासून धावदोरा घालीत घालीत मध्यापर्यंत यायचे. गोधडी फाटली की ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. शेवटी तिचे पोतेरे होते, आणि पोतेरेही संपले की ते चुलीत. चुलीची राख भांड्याला. एका लुगड्याने किती जन्म घेतले पाहा! पूर्वी वारीच्या पंगतीत पळसाच्या पानांच्या, काडीने टाचलेल्या पत्रावळी असत. जेवण झाले की त्यांचे खत. मध्यंतरी थर्मोकोलच्या ताटांचे ढीग पालखीच्या मुक्कामांवर पडू लागले. ती ताटे आपल्या सरकारने 2018 साली बंद केली. कायद्याने सांगावे लागले, याची वारकऱ्यास थोडी लाज वाटली पाहिजे. कारण पत्रावळ लावणे आपल्याला कोणी नव्याने शिकवायचे नव्हते.

परंतु काटकसरीलाही एक कसोटी आहे. वाचलेले कोठे जाते? पेटीत जाऊन पडले तर ती कृपणता. दुसऱ्याच्या उपयोगी पडले तर ते व्रत. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. त्यांनी कर्जखतांतला धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्यास दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला, असे परंपरा सांगते. स्वतःपुरते ऋणको मोकळे केले. भावाचे मात्र त्याच्या इच्छेविरुद्ध सोडले नाही. हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. दयेची किंमत त्यांनी आपल्या वाट्यातून दिली, दुसऱ्याच्या वाट्यातून नव्हे. आणि गाडगेबाबा! 1876 साली जन्मलेले आणि 1956 साली देह ठेवलेले हे सत्पुरुष स्वतः चिंध्यांची वाकळ पांघरून, गाडग्यात मिळेल ते खाऊन राहिले, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून यात्रेकरूंसाठी पंढरपुरास धर्मशाळा उभ्या राहिल्या. तेच बाबा गावोगाव हातातला खराटा खाली ठेवून लोकांना विचारीत, की देवापुढे कोंबडे-बकरे कशाला कापता?

येथे आपण पुन्हा आक्कांच्या अंगणात येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या दारी गेलो. कोंबड्यांची निगा इतक्या जवळून आम्ही आईनंतर पाहिली नव्हती. निवडणटिपणातले दाणे, कोंडा, शिळ्या भाकरीचा कुस्करा, उकिरड्यातले किडे, वाळवी, जे कोणाच्याच कामाचे नाही ते ही पाखरे खातात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक बसते. अंड्यांवर एकवीस दिवस बसून राहते, दाण्यापाण्यापुरती उठते आणि पुन्हा जाऊन बसते. घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेते. मानमोडीची साथ आली की एका आठवड्यात डालगे ओस पडते, म्हणून आक्का वेळेवर लस पाजून घेतात. त्या अंड्यांवर त्यांचे तेलमीठ चालते, चहापावडर येते, गुडघ्याच्या गोळ्या येतात. कोणापुढे हात पसरावा लागत नाही. गरीब बाईच्या हातात नवऱ्याला किंवा मुलाला न विचारता खर्चता येणारे चार पैसे बहुधा याच वाटेने येतात. माळकऱ्याने हे पाहून नाक मुरडू नये. ज्याच्या घरी दुभती म्हैस आहे त्याने जिच्या दारी कोंबडीच आहे तिला पाप शिकवणे सोपे आहे.

मोठ्या शेडांतली गोष्ट वेगळी आहे. तेथे जाळीच्या पिंजऱ्यात कोंबडीला पंखही पुरा पसरता येत नाही. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, आणि दीड-पावणेदोन वर्षांत उतार पडला की तिची रवानगी होते. त्या जातीची नर पिल्ले अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून ती पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची रीत आहे. तेथे जीव हा जीव उरत नाही, नुसता आकडा होतो. आक्कांच्या दारी मात्र प्रत्येकीला नाव आहे.

तरीही प्रश्न सुटत नाही. दारची कोंबडी असली तरी नर पिल्ले मोठी झाली की ती कोणी तरी विकत नेतो. म्हातारी कोंबडी अंडी देईनाशी झाली की तीही जाते. गावठी कोंबडी पाच-सात वर्षे सहज जगते. अंडी मात्र त्याआधीच कमी होतात. पुढच्या वर्षांचे काय? येथेच आपल्या साधेपणाचे मडके गोरोबाकाकांच्या थापटण्याने वाजवून पाहावे लागते. ते कच्चे वाजते. अंडी देते तोवर ती आपली लक्ष्मी, पुढे खाटकाची. आपला हात स्वच्छ, सुरी दुसऱ्याच्या हातात. आम्ही बाजारात जे केले ते हेच. आम्ही हिंसा सोडली नव्हती; ती फक्त आपल्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात सरकवली होती.

आम्ही आक्कांना हे सर्व सांगितले. टाळांची गोष्टही सांगितली. लाज वाटली, पण सांगितली. मग दोघांनी मिळून हिशेब केला. कोंबडा ठेवायचा नाही. शेजारच्या वाडीतील एका घरी त्यांचा कोंबडा पाळायला देण्याचे ठरले. कोंबडा नसला की अंड्यात जीव धरत नाही, पिल्ले होत नाहीत, आणि विकायला नर पिल्लूही उरत नाही. अंडी आक्का स्वतः खाणार नाहीत. ज्याला लागतात तो नेईल. आहेत त्या सात कोंबड्या दारातच मरेपर्यंत राहतील. नवी तलंग आणायची नाही.

"आन् त्या अंडी द्यायच्या थांबल्यावर माजं तेलमीठ?" आक्कांनी विचारले. प्रश्न रास्त होता. दया फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणाला तरी भरावी लागते. त्यांनीच उत्तर शोधले. त्यांच्या हाताला गोधडीचा टाका चांगला आहे. वाडीतल्या बाया जुनी लुगडी आणून देतील, आक्का शिवून देतील. मजुरी ठरलेली, तीत घासाघीस करायची नाही. हे आम्ही देवळात सर्वांसमक्ष बोलून घेतले.

यावर सर्व माळकरी बंधूंचे एकमत होईल असे नाही. माळकऱ्याने अंडे विकणेही नको, असे म्हणणारे सज्जन आहेत. त्यांच्या निष्ठेचा आम्हांस आदर आहे. त्यांना आमची एकच विनंती. ज्यांच्या दारी आज कोंबड्या आहेत त्यांना "सोडा" म्हणताना, त्या कोठे सोडायच्या आणि त्या घराने पुढे काय खायचे, हेही सांगावे. नाही तर आपला उपदेश आमच्या त्या पहिल्या उत्तरासारखा होईल.

आम्हांस यातून एवढे कळले. हातकाम, काटकसर आणि दारची पाखरे हे तीन निराळे विषय नाहीत. हातकामाने वस्तूमागचे कष्ट कळतात. काटकसरीने चार दाणे उरतात. आणि ते उरलेले दाणे ज्या जिवाने आपल्याला आजवर पोसले त्याच्या म्हातारपणी त्याच्यापुढे टाकता आले, तर तो साधेपणा खरा. आपल्या जगण्याची किंमत आपल्याच अंगणात चुकती करणे, दुसऱ्याच्या माथी न मारणे, एवढाच त्याचा अर्थ.

आषाढीला आक्का पायी पंढरीस गेल्या आणि माळ घालून आल्या. तेवढे दिवस त्यांचे डालगे आमच्या अंगणात होते. आमच्या कुटुंबाने दाणापाणी पाहिले. पहाटे काकड्याच्या वेळी कोंबड्यांची कुडकुड कानी येई आणि आईची आठवण होई. एक कोंबडी मुंगसाने नेली. आक्का परत आल्यावर आम्ही अपराध्यासारखे ते सांगितले. त्या म्हणाल्या, "मुंगसाला देवानं त्येच पोट दिलंय, बुवा. त्येला कुठं माळ हाय?"

आज त्यांच्या दारी सहा आहेत. त्यांतल्या दोघी अंडी देत नाहीत. सकाळी त्यांनाही इतरांइतकेच दाणे पडतात, आणि ओसरीवर कोणाची तरी गोधडी अर्धी शिवून पडलेली असते.

रामकृष्णहरि.