खुशीनें दिलेलें बळ

एखादा मनुष्य आपण होऊन, आनंदानें, आपलें बळ आमच्या कामीं खर्चितो. त्यांत त्याची हानि झाली, तर तिचा कांहीं भार आम्हांवर येतो काय? पुष्कळ जण म्हणतील, "त्याच्यावर कोणीं जबरदस्ती केली? तो स्वतःच राजी होता." हें उत्तर पुरेसें आहे कीं नाहीं, हें एका खेळाडूच्या चरित्रावरून पाहूं.

मार्को व्हान बास्टन यांचा जन्म १९६४ सालीं हॉलंडांतील युट्रेख्ट शहरीं झाला. फुटबॉलच्या खेळांत त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. १९८८ सालीं म्यूनिक येथें, युरोपांतील राष्ट्रांच्या अंतिम सामन्यांत, त्यांनीं वरून येणारा चेंडू जमिनीस लागूं न देतां अरुंद कोनांतून जो गोल मारिला, तो लोक अद्याप आठवितात. ‘सोन्याचा चेंडू’ हा युरोपांतील श्रेष्ठ मान त्यांस १९८८, १९८९ व १९९२ असा तीनदां मिळाला. परंतु २६ मे १९९३ रोजीं, त्याच म्यूनिकच्या मैदानावर, इटलीतील मिलान संघाकडून ते शेवटचा सामना खेळले. तेव्हां त्यांचें वय अवघें २८ वर्षांचें होतें. पुढें दोन वर्षें उपचार झाले. पण १७ ऑगस्ट १९९५ रोजीं त्यांस निवृत्ति जाहीर करावी लागली.

याचें मूळ डिसेंबर १९८६ मध्यें होतें. आयाक्स संघाकडून खेळतांना त्यांनींच प्रतिपक्षाच्या गड्यावर आवेशानें झेप घातली, आणि घोटा दुखावला तो त्यांचाच. म्हणजे आरंभींची चूक त्यांची स्वतःची होती. नंतर संघाचे शिक्षक योहान क्रायफ यांनीं तोड काढिली कीं, देशांतील कांहीं सामन्यांत विश्रांति घ्यावी, पण युरोपांतील सामने खेळावे. खेळल्यानें घोटा अधिक बिघडणार नाहीं असें वैद्यानेंही सांगितलें, असें बास्टन यांनीं आत्मचरित्रांत लिहिलें आहे. ते खेळले, १३ मे १९८७ रोजीं अथेन्स येथें त्यांच्याच गोलानें संघास विजय मिळाला. हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. तें झिजलें म्हणजे सहसा भरून येत नाहीं, आणि हाडावर हाड घांसूं लागतें. पुढें अशी वेळ आली कीं, रात्रीं उठावें लागलें तर ते हातागुडघ्यांवर रांगत जात.

या गोष्टींत दुष्ट असा कोणीच नाहीं. शिक्षक क्रूर नव्हते, प्रेक्षक प्रेमळ होते, खेळाडू राजी होता. आणि तरीही पाय गेला. याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, बावीस वर्षांच्या तरुणास आजचा सामना दिसतो, तिसावें वर्ष दिसत नाहीं. अडणाऱ्या बैलाकडे धन्याचें लक्ष आपोआप जातें. न अडतां ओढणाऱ्याच्या खांद्यावरची सूज मात्र जूं काढल्यावरच दिसते. जो ‘नाहीं’ म्हणतो तो स्वतःचा राखणदार असतो. जो सदा ‘होय’ म्हणतो, त्यास दुसरा राखणदार पाहिजे. म्हणून त्याची खुशी आमची जबाबदारी कमी करीत नाहीं, वाढविते.

कोणी म्हणेल, मग मनुष्यानें झिजूंच नये काय? तसें नव्हे. कष्टावांचून कोणतेंही चांगलें काम होत नाहीं. परंतु झिजणाऱ्यास पुढील परिणाम खरा सांगावा, आणि लाज न वाटतां थांबण्याची वाट मोकळी ठेवावी. शिवाय, कांहीं रक्षण त्याच्या तक्रारीवर अवलंबून ठेवूं नये. फुटबॉलच्या नियमांत १९९८ सालीं स्पष्ट झालें कीं, मागून येऊन दुसऱ्याच्या शरीरास धोका करणाऱ्यास मैदानाबाहेर घालवावें. ज्यास लागलें तो तक्रार करो वा न करो, नियम त्याच्या बाजूनें उभा राहतो.

१८ ऑगस्ट १९९५ रोजीं बास्टन यांनीं मिलानच्या मैदानास फेरी घालून निरोप घेतला, तेव्हां संघाचे शिक्षक फाबियो कापेलो यांस अश्रु आवरले नाहींत. पुढें शस्त्रक्रियेनें घोट्याचीं हाडें एकत्र जोडलीं, तेव्हां वेदना शमली. आणि २००४ ते २००८ पर्यंत ते हॉलंडच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक होते. ते अश्रु खरे होते, पण उशिरां आले. आमच्या घरांत व गांवांतही कधीं ‘नाहीं’ न म्हणणारें एखादें माणूस असतेंच. त्याचा खांदा आपण शेवटचा केव्हां पाहिला?