'दोष असूनही': अद्भुत चित्रपटाचा आस्वाद आणि रसिकाचा प्रामाणिकपणा

मांजरा नदीच्या अलीकडे बिलोली, पलीकडे बोधन. 1956 पर्यंत हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने त्यांच्यामध्ये सीमा आखली, तरी भाषा ती ओलांडतच राहिल्या. मराठी, तेलुगू आणि दखनी यांच्या सरमिसळीत वाढलेल्या येथील प्रेक्षकाला तलवारबहाद्दर, मांत्रिक आणि राजकन्या यांचे तेलुगू चित्रपट परके वाटत नाहीत. या चित्रपटांना तेलुगूत 'जानपद' म्हणतात. अशा प्रेक्षकांपैकी जो पुढे साहित्याचा अभ्यासक होतो त्याच्यापुढे मात्र एक अडचण उभी राहते. कथानक विसविशीत आहे, पात्रे एकरंगी आहेत, विचाराच्या नावाने शून्य आहे, हे सारे त्याला स्पष्ट दिसते. आणि तरीही तो चित्रपट त्याला मनापासून आवडतो. विचारले असता तो म्हणतो, 'दोष असूनही आवडला.' या वाक्यातील 'असूनही' हा शब्द नेमके कोणते काम करतो, याचा शोध घेणे अगत्याचे आहे. प्रश्न वरवर अभिरुचीचा दिसतो. वस्तुतः तो प्रामाणिकपणाचा आहे.

मराठी समीक्षेने रंजनाकडे बहुधा संशयानेच पाहिले. हळब्यांची 'मुक्तामाला' (1861) किंवा रिसबुडांची 'मंजुघोषा' (1868) यांतील अद्भुताची नोंद वाङ्मयेतिहासात होते ती वास्तववाद वयात येण्यापूर्वीचे बालपण म्हणून. भालचंद्र नेमाडे यांनी तर 'मुक्तामाला' हे एका संपूर्ण कादंबरीप्रवृत्तीचे नाव केले, आणि ते गौरवाने नव्हे. या शिस्तीचे लाभ मोठे आहेत, हे नाकारता येणार नाही. पण तिची किंमतही द्यावी लागली: रंजनाचा अनुभव घेणाऱ्या अभ्यासकाजवळ त्या अनुभवाविषयी बोलण्याची भाषाच उरली नाही. मग तो पळवाटा शोधतो. एक पळवाट उपहासाची. सुझन सोंटॅगने 1964 मध्ये ज्या 'कॅम्प' वृत्तीचे वर्णन केले, तिचा आधार घेऊन तो वाईटपणाचीच मौज लुटल्याचे सांगतो. दुसरी पळवाट अधिक विद्वत्तापूर्ण: मांत्रिकाच्या दाढीत आदिबंध शोधायचे आणि भुयारात अबोध मन. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. राजकन्या सुटली तेव्हा आपल्याला साधा, सरळ आनंद झाला, हे कबूल करण्याचे दोन्हींत टाळले जाते.

के. व्ही. रेड्डी यांचा 'पाताळ भैरवी' (1951) हा या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध चित्रपट. उज्जयिनीच्या राजकन्येवर प्रेम करणारा माळ्याचा मुलगा, देवीला बळी देण्यासाठी शूर तरुण शोधणारा नेपाळी मांत्रिक, इच्छिले ते देणारी मूर्ती. बळी द्यायला निघालेल्याचाच बळी जातो, हे विक्रम-वेताळाच्या कथेतील कपटी योग्याशी असलेले नाते मराठी प्रेक्षकालाही लगेच ओळखू येते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांमध्ये पहिले स्थान 'संभावनाविरहा'ला दिले आहे: जे घडणे शक्यच वाटत नाही, त्यावर प्रेक्षकाचे मन स्थिरावत नाही. म्हणून असामान्य पराक्रम दाखवायचा तर नायक रामासारखा प्रख्यात असावा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रसिद्धीने त्याच्यावरचा विश्वास आधीच रुजलेला असतो. माळ्याच्या मुलाजवळ अशी पुण्याई कोठून येणार? ती येते कथनप्रकारातून. 'आटपाट नगर' हे शब्द कानी पडले की श्रोता पुराव्याची मागणी आपण होऊन मागे घेतो. हा एक करार आहे, आणि त्याला स्वतःचे कडक नियम आहेत. मूर्तीने क्षणात महाल उभा केला तर कोणी हरकत घेत नाही. पण नायकाला आपल्या आईचा विसर पडला असता, तर थिएटरातले पोरही चुळबुळले असते.

या दृष्टीने पाहता, ज्यांना दोष म्हटले जाते त्यांतील पुष्कळसे दोष नव्हेतच. रंगवलेला पडदा किंवा उघड कळणारी कॅमेऱ्याची करामत दशावतारातील बाकड्यासारखी असते. तेच सिंहासन आणि तोच रथ, हे प्रेक्षकाने मान्यच केलेले असते. जानपद चित्रपटांचे दिग्दर्शक बी. विठ्ठलाचार्य यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात: नटाने तारखांवरून अडवणूक केली, की ते कथेतच त्याला शाप देऊन पोपट बनवीत आणि चित्रीकरण पुढे रेटीत. खरी असो वा रचलेली, या प्रकारातील कथानकाच्या लवचिकतेविषयी ती बरेच काही सांगून जाते. जॉर्ज ऑर्वेलने 1945 मध्ये चेस्टरटनची 'चांगली वाईट पुस्तके' ही कल्पना उचलून धरली, तीही याच जातीची. येथे 'असूनही' हा शब्द खरा आहे. दोष बाजूला राहतो, आनंद बाजूला राहतो, आणि रसिक दोहोंची कबुली देतो.

परंतु याच परंपरेचा भव्य वारस असलेल्या 'बाहुबली' (2015) मध्ये एक प्रसंग आहे. अवंतिका ही योद्धा स्त्री नायकावर तलवार उगारून येते. तिचा प्रतिकार चालू असतानाच तो तिचे केस मोकळे करतो, तिचा लढवय्या वेष उतरवतो, तिला रंगवून सजवतो, आणि ती प्रेमात पडते. या प्रसंगावर त्या वेळी कडक टीका झाली. निर्मितीच्या अंगाने त्यात उणे काही नाही. प्रकाश, संगीत, हालचालींची लय सारे निर्दोष आहे. येथे दोष आणि आनंद वेगळे काढता येत नाहीत, कारण स्त्रीचा नकार विरघळताना पाहणे हाच तो आनंद आहे. अशा ठिकाणी 'दोष असूनही आवडला' म्हणणे असत्य होय. 'दोषच आवडला' हे खरे वाक्य, आणि ते उच्चारणे कठीण आहे. आनंदवर्धनाने अनौचित्याला रसभंगाचे कारण मानले. दुर्दैव असे, की कौशल्य पुरेसे असेल तर अनौचित्य असतानाही रसभंग होत नाही.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त ज्या अलौकिकतावादी भूमिकेची चर्चा केली आहे, तिचा आश्रय घेऊन कोणी म्हणेल की आस्वादाला लौकिक नीतीचे निकष लावू नयेत. सीमाभागातील प्रेक्षकाला हे पटणे अवघड आहे. 'पाताळ भैरवी'तील माळ्याचा मुलगा झालेले एन. टी. रामाराव 1983 मध्ये नदीपलीकडच्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. पडद्यावरचा विस्मय थिएटरच्या दारापाशी थांबतोच असे नाही.

शिवाय 'बाहुबली'तच कालकेय आहेत: काळे, ओंगळ, आणि 'किलिकी' नावाची मुद्दाम घडवलेली, कोणालाच न कळणारी भाषा बोलणारे. ते मारले जातात तेव्हा प्रेक्षकाला खंत वाटू नये, अशी व्यवस्था त्या भाषेनेच केली आहे. बिलोलीच्या प्रेक्षकाने अर्धवट कळणारी भाषा आयुष्यभर बाजारात आणि शेजारच्या अंगणात ऐकलेली असते. आपल्या मिश्र मराठीला पुण्या-मुंबईकडची माणसे हसतात, हेही त्याने अनुभवलेले असते. तरीही किलिकीच्या खडखडाटाला थिएटरात हशा पिकतो तेव्हा तो त्यात सामील असतो. त्याने हसायला नको होते असे म्हणण्यात अर्थ नाही; तो हसला, आणि त्या रात्री त्याला चित्रपट आवडला. चित्रपटाविषयी लिहायला बसताना तो त्या हशाची नोंद करतो की गाळतो, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.