दिसलं नाही म्हणजे नाही?

आर ही संगणकभाषा शिकायला घेतलेल्या माणसाची पहिल्या काही दिवसांतच ‘एअरक्वालिटी’ नावाच्या तक्त्याशी गाठ पडते. तो कुठून उतरवून घ्यावा लागत नाही, आरसोबतच येतो. 1973 सालच्या मे ते सप्टेंबरमधली न्यूयॉर्कची हवा त्यात आहे. दिवस 153, तेवढ्याच ओळी. ओझोन, ऊन, वारा आणि तापमान. ओझोनचे आकडे रूझवेल्ट बेटावरचे, दुपारी एक ते तीन या वेळेतले. शिकणारा हौसेने ओझोनची सरासरी मागतो. आर उत्तर देते: एनए, म्हणजे ‘उपलब्ध नाही’.

बिघाड काही नाही. 37 दिवसांची ओझोनची नोंदच नाही. 5 मेच्या ओळीत तर ओझोनही नाही आणि ऊनही नाही. माहीत नसलेल्या 37 संख्या धरून सरासरी किती, याचं प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ हेच. पण शिकवणारे लगेच पुढची युक्ती सांगतात: कंसात ‘एनए डॉट आरएम बरोबर ट्रू’ लिहा, रिकाम्या नोंदी वगळल्या जातील. उत्तर येतं 42.13 आणि धडा पुढे सरकतो. एखाद्याने रिकाम्या जागी शून्य भरलं तर तीच सरासरी 31.94 होते. शहर तेच, हवा तीच. दहाचा फरक पडला तो ‘नाही’चा अर्थ कोणी काय लावला यावरून.

या ‘नाही’वर भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. जमिनीवर घट नाही, हे कळतं कसं? न्याय दर्शनाचे नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. अभाव हा त्यांच्या लेखी खराखुरा पदार्थ आहे. मीमांसेतला प्रभाकरांचा पक्ष म्हणतो, अभाव वगैरे वेगळं काही नसतं, दिसते ती नुसती मोकळी जमीन. कुमारिल भट्ट आणि अद्वैती यांनी तर अभाव जाणण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानलं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार दिले आहेत. संस्कृत शिकणारा विद्यार्थी ते पाठ करतो आणि बहुधा पेपर झाला की विसरतो.

अनुपलब्धीला घातलेली अट मात्र विसरण्यासारखी नाही. नुसतं न दिसणं पुरत नाही. ‘असता तर दिसलाच असता’ असं म्हणता आलं पाहिजे. लख्ख उजेडात घट दिसला नाही, तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. शून्य भरणारा नेमकी हीच अट मोडतो. 5 मेला न्यूयॉर्कच्या हवेतून ओझोन गायब झाला नव्हता, गायब आहे ती नोंद. नैयायिकांच्या भाषेत इथल्या अभावाचा प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव आहे ती गोष्ट, ओझोन नव्हे, मोजणी आहे.

मग वगळणं तरी निर्दोष आहे का? महिन्यामहिन्याने पाहिलं तर जूनच्या 30 दिवसांपैकी 21 कोरे आहेत. उरलेल्या चार महिन्यांत मिळून फक्त 16. जुलै-ऑगस्टमध्ये ओझोनची सरासरी साठच्या आसपास, जूनच्या मोजलेल्या नऊ दिवसांची 29.4. म्हणजे ‘वगळा’ म्हटल्यावर जून जवळजवळ पुसला जातो आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत वाईट महिन्यांचं वजन वाढतं. प्रत्येक महिन्याच्या सरासरीला त्याच्या दिवसांइतकं वजन दिलं तर आकडा 42.13 वरून 40.85 वर उतरतो. फरक छोटा आहे, पण तो एका न बोललेल्या दाव्यातून आलेला आहे: राहिलेले दिवस मोजलेल्या दिवसांसारखेच होते. डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये ‘बायोमेट्रिका’त हाच प्रश्न मांडला होता. नोंद का राहिली, याकडे दुर्लक्ष केलेलं कधी चालतं आणि कधी नाही? संख्याशास्त्राच्या वेशात आलेली ही योग्यानुपलब्धीचीच चर्चा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आरने ‘नाही’ची रूपं वेगळी ठेवली, हे तिचं मोठं शहाणपण. नल म्हणजे काहीच नाही: एक, नल, दोन असा व्हेक्टर, म्हणजे संख्यांची रांग, बांधला तर लांबी भरते दोन. एनए मात्र जागा अडवून बसतं; लांबी तीन. शिवाय पूर्णांकाचं एनए वेगळं, अक्षरांचं वेगळं, कारण न्यायात अभाव जसा नेहमी कशाचा तरी असतो, तसं ठाऊक नसलेलंही कशाचं तरी असावं लागतं. नल पाहून प्रभाकरांचे अनुयायी खूश झाले असते.

एनए शोधताना नवशिका हमखास अडखळतो. ओझोन बरोबर एनए का, असं तो दुहेरी बरोबरच्या चिन्हाने विचारतो आणि पडद्यावर 153 एनए ओततात. बरोबरच आहे. कुठलीही संख्या एका अज्ञात संख्येइतकी आहे की नाही, हेही अज्ञातच. त्यासाठी ‘इज डॉट एनए’ असा वेगळा प्रश्न ठेवला आहे. तो संख्येविषयी विचारत नाही, आपल्या माहितीविषयी विचारतो.

तर्काची खरी गंमत पुढे आहे. ‘एनए किंवा ट्रू’ याचं उत्तर ट्रू येतं, कारण एनएच्या जागी काहीही निघालं तरी निकाल बदलत नाही. एनएचा शून्यावा घातही एकच. पण 5 मेचा ओझोन 50 च्या वर होता किंवा नव्हता, असं विचारा. यातलं एक खरं असणारच, तरी आर म्हणते एनए. ती दोन्ही बाजू सुट्या तपासते, दोन्हींकडे अज्ञात सापडतं, आणि अज्ञात किंवा अज्ञात म्हणजे अज्ञात. स्टीफन क्लीनी यांच्या त्रिमूल्यी तर्कशास्त्रातही असंच घडतं. यंत्राला दोष देता येत नाही, पण समाधानही होत नाही.

रोजच्या कामात याचा काच लगेच जाणवतो. ‘इफ’ला एनए दिलं तर आर चूक दाखवून थांबते. चौकटी कंसात ‘ओझोन 50 पेक्षा जास्त’ लिहिलं तर निवडलेल्या ओळींमध्ये एनएने भरलेल्या 37 ओळी घुसतात, आणि नवशिका वैतागतो. मग कोणीतरी त्याला ‘सबसेट’ वापरायला सांगतं, आणि यादी एकदम स्वच्छ होते. सबसेटने काय केलं? ‘माहीत नाही’ला गुपचूप ‘नाही’ धरलं. ही यादी किती ओळींची ते मोजून, ती संख्या 153 मधून वजा करून ‘बाकीचे दिवस बऱ्या हवेचे’ असं अहवालात लिहिलं, की न मोजलेले 37 दिवसही बऱ्या हवेत जमा होतात, त्यांतले 21 जूनचे.