शरण आलेला शिक्रा

कार्ले-भाजे, लोहगड, लोणावळा या मावळच्या डोंगरांत शिक्रा नावाचा पक्षी वावरतो. देह कबुतराएवढा, डोळे लालभडक. सरडे, उंदीर, लहान पाखरे हे त्याचे भक्ष्य. पतंगाच्या मांजाने त्याचा पंख कापला जातो, अथवा तारेवर आदळून हाड मोडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. पुण्याजवळ बावधन येथे अशा वन्य जीवांवर उपचार होतात.

बरा झालेला पक्षी वनात सोडावा, यात वाद नाही. परंतु सांध्यापाशी मोडलेले हाड पुष्कळदा असे जुळते की पंख पुरता उघडत नाही. ज्याचे जगणेच झडपेवर, त्यास अर्धवट उडणे म्हणजे उपासमार होय. अशास वेदनारहित मृत्यू द्यावा, की जन्मभर सांभाळावे?

सांभाळावे म्हटले की आक्षेप येतो. शिकऱ्यास दूधभात चालत नाही. पिसांहाडांसह मांस पोटात गेले तरच त्याची प्रकृती राहते. म्हणजे एका जीवाच्या रक्षणार्थ नित्य दुसऱ्याचा घात. वनातही तो मारीलच, हे उत्तर अपुरे आहे. कारण तेथे मारणे त्याच्या स्वभावाचे, येथे ते माणसाच्या हातचे. हा दोष सांभाळणाऱ्याकडे राहतो व तो त्याने मान्यच करावा. मात्र दोषाच्या भयाने पक्ष्यास टाकून देणारा निर्दोष ठरत नाही, कारण पंख कापणारा दोराही माणसाचाच. (संक्रांतीस मांजा आणणाऱ्या घरांतही अहिंसेची निरूपणे होतात, हे येथे सांगितलेले बरे.)

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे शिकारी पक्ष्यांचे केंद्र 1974 पासून चालते. तेथे उडू न शकणारे काही पक्षी शिक्षणार्थ लोकांसमोर आणले जातात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असा पक्षी कोणासही आपल्या इच्छेने बाळगता येत नाही. तरीही कल्पना आकर्षक आहे. तो लाल डोळा हातभर अंतरावरून पाहिलेला मुलगा मांजा विकत घेताना थबकेल, हे खोटे नव्हे.

परंतु लीळाचरित्रातील ससा स्मरावा. पारध्यांच्या भयाने तो सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या जानूखाली आला. स्वामींनी त्यास रक्षिले, पारध्यांचे मन पालटविले, आणि मग सशास आदराने निरोप दिला. राखल्याबद्दल त्याच्याकडून काहीच घेतले नाही. पंख गेलेल्या शिकऱ्यास निरोप देता येत नाही. लीळेतील ते अर्धे अंग येथे सुटते. उरलेले अर्धे मात्र पाळता येते. आश्रय हा पक्ष्यासाठी असावा, धड्यासाठी नव्हे. जो माणसांपुढे स्वस्थ बसतो, निर्धास्त खातो, त्यास मुलांनी पाहिले तर त्याचे काही जात नाही. पण जो हातावरून पुन्हा पुन्हा उडी घेतो, पिसे मोडून घेतो, चोच उघडून धापा टाकतो, त्यास पडद्याआडच राहू द्यावे, मग शाळा कितीही दुरून आलेली असो. मुलांना मोडलेला पंख चित्रातही दाखविता येतो, आणि तो कापणारा मांजा तर प्रत्यक्षच हातात देता येतो.