खेळ थांबला म्हणून दुःख करावे का?



जगात रोज हजारो माणसे प्राणाला मुकत असताना एखाद्याला फुटबॉलचा हंगाम बुडाला म्हणून दुःख झाले, तर ते दुःख खरे मानावे की पोरकट? २०२० साली अमेरिकेतील लाखो क्रीडाप्रेमींपुढे हा प्रश्न उभा होता. वरवर पाहता तो आपल्यापासून फार दूरचा आहे. परंतु थोडे खोलात गेलो तर तो प्रेमाविषयीचा प्रश्न आहे, आणि प्रेम हा विषय कोणत्याही ख्रिस्ती माणसाला दूरचा नाही.

अमेरिकेतला हा फुटबॉल आपल्या मैदानावरचा नव्हे. त्याचा चेंडू अंडाकृती असतो आणि तो हातात घेऊन पळायचे असते. तेथील विद्यापीठांचे संघ साधारण सप्टेंबरपासून दर शनिवारी सामने खेळतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. माजी विद्यार्थी मुलाबाळांसह दूरदूरहून येतात, मैदानाबाहेर गाड्या लावून शेगडीवर मांस भाजतात, शेजारच्या गाडीवाल्याला बोलावून खाऊ घालतात. बँड वाजतो. आजोबांनी जेथून सामने पाहिले तेथेच नातू बसतो. आपल्या चर्चच्या सणाचा दिवस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या शनिवारचे मोल कळेल.

कॅथलिकांना तर या खेळाचा विशेष जिव्हाळा आहे. होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी १८४२ साली इंडियाना राज्यात नोटर डेम विद्यापीठ स्थापन केले. आयर्लंड, इटली, पोलंड येथून पोटासाठी आलेल्या गरीब कॅथलिकांना त्या काळी अमेरिकेत हिणवले जाई. कॉलेजची पायरीही न चढलेले ते मजूर नोटर डेमचा संघ जिंकला की मान ताठ करून कामावर जात. एखादा खेळ माणसाला एवढे देऊ शकतो.

मग महामारी आली. १२ मार्च २०२० रोजी विद्यापीठांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा रद्द झाली. ८ जुलैला हार्वर्ड, येल आदी आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगने त्या हिवाळ्यापूर्वीचे सगळे खेळ थांबवले. ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-१२’ या दोन मोठ्या गटांनी फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला, तर दक्षिणेकडील गटांनी खेळायचे ठरवले. एकाच देशात, एकाच रोगापुढे, शहाणीसुरती माणसे दोन टोकांचे निर्णय घेत होती. पुढे महिन्याहून थोड्या अधिक काळातच ‘बिग टेन’ने निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सामने सुरू केले. कुठे मैदाने रिकामी, कुठे पाचवा हिस्सा भरलेली, कुठे खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे प्रेक्षक! मिशिगन आणि ओहायो स्टेट यांच्यातला १९१८ पासून एकदाही न चुकलेला वार्षिक सामना त्या वर्षी झाला नाही.

या साऱ्याकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, असे दुःख करणे योग्य आहे काय? दुसरा, त्या दुःखापोटी आपण दुसऱ्याकडून काय मागू शकतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या परंपरेत आहे, आणि ते अनेकांना वाटते त्यापेक्षा उदार आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांचा विचार सद्गुणांच्या प्रकरणात केला आहे. तेथे ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत होता हे पाहून काही जण नाराज झाले. तेव्हा योहानाने त्यांच्यातल्या धनुष्य बाळगणाऱ्या एकाला बाण मारायला सांगितले, पुन्हा मारायला सांगितले, आणि विचारले, असे सतत करत राहशील काय? तो म्हणाला, मग धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. अक्वायनस येथेच थांबत नाहीत. स्वतः कधी न हसणारा आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालणारा माणूसही चुकतो, असे ते दाखवून देतात.

तेव्हा ज्याचा शनिवार हरवला त्याला ‘लोक मरताहेत आणि तुला खेळाचे सुचते?’ असे म्हणणे बरोबर नाही. दुःखे तराजूत घालून, मोठे असेल तेवढेच खरे, असा नियम देवाने केलेला नाही. लाझारसच्या कबरीपाशी रडणाऱ्या प्रभूने कानातल्या लग्नात द्राक्षारस संपल्याची अडचणही मनावर घेतली होती. लग्नघरातली ती उणीव मरणापुढे किती लहान! तरीही आईने ती त्याच्या कानावर घातली आणि त्याने ती दूर केली. शिवाय त्या प्रेक्षकांचे नेमके काय हरवले होते? सामना दूरदर्शनवर दिसतच होता. हरवले होते ते एकत्र येणे. वर्षातून एकदा भेटणारा वर्गमित्र, वडिलांच्या शेजारची जागा आणि कदाचित वडिलांचा अखेरचा हंगाम. हे दुःख पोरकट नाही.

दुसरा प्रश्न मात्र कठीण आहे. दुःख खरे असले म्हणून त्यातून निघणारी प्रत्येक मागणी न्याय्य ठरत नाही. विद्यापीठांचे हे खेळाडू अठरा ते बावीस वर्षांचे विद्यार्थी. त्या काळी त्यांना शिष्यवृत्ती मिळे, पण वेतन मिळत नसे, जरी त्यांच्या खेळावर कोट्यवधी डॉलर्स उभे होते. जवळ जाऊन अंगाला अंग भिडवायचे ते त्यांनी, आणि ‘खेळा, खेळा’ म्हणायचे ते घरातल्या कोचावर बसलेल्यांनी. संत जॉन पॉल दुसरे हे पोप होण्यापूर्वी तत्त्वज्ञान शिकवत. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्यांनी मांडले की प्रेमाच्या विरुद्ध टोकाला ‘वापर’ असतो. माणसाला साधन म्हणून वापरणे म्हणजे त्याच्यावर प्रेम न करणे. आम्हांला वाटते, त्या हंगामाची खरी कसोटी येथे होती. प्रेक्षकाचे प्रेम त्या मुलावर होते की त्या मुलाकडून मिळणाऱ्या आनंदावर?

यावर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खेळायचे आहे, असे अनेक खेळाडूंनीच जाहीरपणे सांगितले. क्लेमसन विद्यापीठाचा ट्रेव्हर लॉरेन्स याचे म्हणणे होते की हंगाम बंद करून मुलांना घरी पाठवले तर धोका तेवढाच राहील, कदाचित वाढेल. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणे, कुस्ती असे इतर खेळ चालतात, आणि विद्यापीठांच्या लहान गावांतील खानावळी व लॉज चालतात. तेव्हा खेळावे म्हणणारे सगळे स्वार्थी आणि थांबावे म्हणणारे सगळे संत, अशी सोपी वाटणी करता येत नाही. पण ‘त्याची संमती आहे’ एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. तरुण माणूस धोका पत्करायला नेहमीच तयार असतो. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या वडीलधाऱ्याचे काम त्या तयारीचा फायदा घेण्याचे नसून तिची काळजी वाहण्याचे आहे.

आणि गर्दीचे काय? ७ नोव्हेंबर २०२० रोजी नोटर डेमच्या मैदानावर क्लेमसनशी सामना झाला. कोविड झाल्यामुळे लॉरेन्स स्वतः खेळू शकला नाही. ७७ हजारांच्या मैदानात सुमारे ११ हजार प्रेक्षकांना, मुख्यतः विद्यार्थ्यांना, प्रवेश होता. दोन वेळा जादा डाव खेळून नोटर डेमने ४७-४० असा विजय मिळवला आणि एका क्षणात हजारो विद्यार्थी कठडे ओलांडून मैदानात उतरले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. कित्येक आठवडे अंतर पाळलेली ही मुले वाईट नव्हती. संत ऑगस्टीन यांनी आपला मित्र अलिपियस याच्याविषयी लिहिले आहे ते येथे आठवते. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून रक्तरंजित झुंजी पाहायला नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. पण गर्दीने एकदम आरोळी ठोकली, त्याने डोळे उघडले आणि तो गर्दीचाच एक झाला. डोळे मिटता येतात, कान नाही! फुटबॉल म्हणजे रोमची झुंज नव्हे, परंतु गर्दीचा स्वभाव बदललेला नाही. एकट्याने केलेला निश्चय गर्दीत टिकत नाही, म्हणून गर्दीत शिरण्यापूर्वीच काय करायचे नाही ते ठरवावे लागते.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जेंकिन्स यांनी विद्यार्थ्यांना खडसावले आणि घरी जाण्यापूर्वी चाचणी सक्तीची केली. हेच फादर सप्टेंबरमध्ये अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी एका समारंभात मास्कविना बसले होते. त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली होती आणि नंतर त्यांना स्वतःलाही कोविड झाला होता. हे त्यांची उणीव काढण्यासाठी सांगत नाही. समारंभाचा मोह वडीलधाऱ्यांनाही सुटत नाही, एवढेच यातून घ्यावे.

आपल्याला हे सर्व परके वाटू नये. २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना खेळला गेला. फुटबॉलवेड्या गोवेकरांच्या दारात सामने होते आणि त्यांना आत जाता येत नव्हते. आणि आपली चर्च? मार्च २०२० मध्ये बंद झालेली महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण आपण पडद्यासमोर बसून साजरा केला. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रिकाम्या, पावसाने भिजलेल्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करत होते, ते दृश्य कोण विसरेल? तो चौक रिकामा होता, कारण लोकांवर प्रेम होते. ते रिकामेपण हीच त्या वेळची उपासना होती.

मिस्सा म्हणजे सामना नव्हे, हे सांगायला नको. तरीही कसोटी एकच आहे. आपण काय मागतो त्याबरोबरच, त्याची किंमत कोण मोजणार आहे हे पाहावे लागते. महामारी सरली, हंगाम पुन्हा सुरू झाले, सणही पूर्वीसारखे होऊ लागले. प्रश्न मात्र तिच्याबरोबर गेला नाही. सणाला रात्री उशिरापर्यंत बँड हवा असतो तेव्हा शेजारच्या घरातील आजारी माणूस किंमत मोजतो. लग्नात पंगतीमागून पंगत उठते तेव्हा वाढपी मुले उपाशीपोटी किंमत मोजतात. गावच्या सामन्यात आपला संघ जिंकावा म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या मुलाला आपण ‘उतर रे’ म्हणतो, तेव्हा तो मुलगा किंमत मोजतो.

म्हणून या आठवड्यात रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. माझ्या आनंदासाठी कोण झिजतो? त्याला मी नावाने ओळखतो काय? आणि त्याच्या भल्यासाठी माझा आनंद थोडा थांबवायची वेळ आली तर मी थांबेन काय? तिसऱ्या प्रश्नाला ज्याला ‘होय’ म्हणता येते, त्याने खुशाल खेळावे, पाहावे, ओरडावे. त्याच्या आनंदात प्रभूही सहभागी आहे, जसा तो कानाच्या लग्नात होता.

तुमचे,
प्रमुख धर्मगुरू