वारशाचे नागरिकत्व आणि त्याचे ऋण

पोटासाठी गाव सोडणे आपल्याला नवे नाही. सुरतेच्या उधना व लिंबायत भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेव्हा कोणी कामासाठी आणखी दूर गेला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण गाव बदलणे वेगळे आणि नागरिकत्व बदलणे वेगळे. सुरतेहून वापीला उतरून दमणला गेले, की हा दुसरा प्रश्न अनेक घरांत भेटतो.

गोवे, दमण व दीव येथील पोर्तुगीज अंमल १९ डिसेंबर १९६१ रोजी संपला. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्या माणसाला आपली जन्मनोंद पोर्तुगालात करवून तेथील नागरिकत्व मागता आले आहे, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या मुलांना व नातवंडांनाही. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात सामील झाला, तेव्हा या जुन्या दाखल्याला नवे मोल आले. दमण-दीवची पुष्कळ माणसे या वाटेने इंग्लंडातील लेस्टर शहरी जाऊन कामाला लागली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ३१ डिसेंबर २०२० नंतर, नव्याने जाणाऱ्यांना ती वाट बंद झाली. संघातील इतर देशांची वाट उघडी आहे.

ज्या देशाची भाषा येत नाही, जो डोळ्यांनी पाहिलाही नाही, त्याचे नागरिकत्व केवळ रोजगारासाठी मागणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? कोणी म्हणतील, ही एसावाची गोष्ट झाली. त्याने वाटीभर डाळीसाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला. हा आक्षेप हलका नाही. पण एसावाचा दोष भुकेचा नव्हता. आपण काय देत आहो, याचा त्याने विचारच केला नाही, हा त्याचा दोष होता.

दुसरीकडे पौलाचे उदाहरण आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २२ यात रोमी सरदार सांगतो की आपण पुष्कळ पैसा भरून नागरिक झालो. पौल सांगतो की आपण जन्मानेच आहो. वारशाचा हक्क मागण्यात त्याला संकोच वाटला नाही. मात्र पुढचे प्रकरण वाचावे. त्याच हक्काने त्याने कैसराकडे न्याय मागितला, आणि मग माघार राहिली नाही. अध्याय २६ च्या शेवटी अग्रिप्पा राजा म्हणतो की, कैसराकडे दाद मागितली नसती तर हा मनुष्य सुटू शकला असता. ज्या हक्काने पौलाला आधार दिला, त्याच हक्काने त्याला बांधून रोमला नेले. हक्क मागितला की त्याचे बंधनही अंगावर येते, हे आपण येथून शिकावे.

आता आपल्याकडील बंधन पाहू. १९६२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने, जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मला होता, तो भारतीय नागरिक मानला गेला; ज्याला आपले जुने नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवायचे होते. म्हणजे भारताचे नागरिकत्वही पुष्कळांना आजोबांच्या जन्मावरूनच मिळाले. वारसा दोन्हीकडे आहे. पण दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो. पुढे ओसीआय कार्ड मिळाले, तरी त्यावर मत देता येत नाही की शेतजमीन विकत घेता येत नाही.

मोह येतो तो येथेच. परदेशी पासपोर्ट घ्यावा, आणि जुना पासपोर्ट व मतदार यादीतील नाव गुपचूप ठेवून द्यावे. कोणी त्याहून पुढे जाऊन दुसऱ्याच्या आजोबांना आपले आजोबा म्हणून दाखवतो. याकोबाने एसावाचे कपडे घालून आंधळ्या बापापुढे एसावाचे नाव सांगितले आणि आशीर्वाद मिळवला. आशीर्वाद खरा होता, नाव खोटे होते. परिणामी त्याला वीस वर्षे घर सोडून परमुलखात राबावे लागले, आणि तेथे मामाने त्यालाही फसवले.

म्हणून आमचे मत असे : वारसा खरा असेल तर मागण्यात पाप नाही, लपवण्यात आहे. जो घेतो त्याने जे सोडायचे ते उघडपणे सोडावे. नव्या देशाचा कायदा पाळावा, कर भरावा, त्याची भाषा शिकावी. ज्या देशाच्या नावाने आपल्याला भाकर मिळते, त्याला केवळ दार समजू नये. आणि ज्या आजोबांच्या जन्मनोंदीवर हे सर्व उभे आहे, त्यांच्या म्हातारपणाची काळजी हे पहिले ऋण समजावे. देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभु येशूने मार्क ७ मध्ये दोष दिला आहे. परदेशी असल्याचे कारण त्याहून वजनदार ठरेल असे आम्हांला वाटत नाही.

रविवार-शाळेच्या शिक्षकांना विनंती, की वरच्या वर्गात पौलाचा हा धडा शिकवताना मुलांना इतकेच विचारावे : तुम्हांला जन्माने काय काय मिळाले आहे, आणि त्यातील प्रत्येकासाठी तुम्ही कोणाचे देणे लागता? यांतील पुष्कळ मुले उद्या कामासाठी दूर जातील. उत्तर त्यांनी येथेच शोधून ठेवलेले बरे.