आभासी चलनात पैसा कोण घालतो?

बिटकॉइनसारख्या आभासी चलनात पैसा घालणारा माणूस लोभी, असे म्हणून आपण बहुधा मोकळे होतो. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो.

बाझेल येथील बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या अभ्यासकांनी २०१५ ते २०२२ या काळातील ९५ देशांची माहिती तपासली. भाव चढला की नवे लोक आत येतात, त्यांत पस्तिशीच्या आतील पुरुष पुष्कळ, आणि चौघांपैकी सुमारे तिघांना तोटा झाला असावा, असे त्यांना आढळले. असे तरुण आमच्या ओळखीचे आहेत. पोस्टातल्या व्याजावर घर होणार नाही हे त्यांना कळते, आणि मित्राची नवी मोटारसायकल रोज दिसते. यात लोभ आहेच. पण मागे पडण्याचे भयही आहे, आणि त्या भयाविषयी आपण त्यांच्याशी कधी बोलत नाही.

तरीही प्रश्न उरतो. शेताला पीक येते, घराला भाडे येते, बँकेतील ठेव कोणाच्या तरी धंद्यात राबते. बिटकॉइन काही पिकवीत नाही. नफा मिळतो तो आपल्यामागून चढ्या दराने घेणाऱ्याकडून. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६८ हजार डॉलरांवर गेला. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख ओलांडला हे खरे, पण कर्ज काढून आलेल्यास तेवढा दम कोठून? शिखरावर विकणाऱ्यास घेणाऱ्याचे तोंड दिसत नाही, ही यातली मोठी सोय. (२०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, म्हणून व्यवहार निर्दोष ठरला असे कोणी म्हणतात. कर दारूवरही असतो.)

‘गेनबिटकॉइन’ योजनेत मात्र तोंड दिसत होते. दरमहा १० टक्के, १८ महिने, असे तिचे वचन होते. पुणे पोलिसांनी २०१८ साली तिच्या चालकास अटक केली. अशा साखळी योजनांत नवा सभासद आणणाऱ्यास दलाली मिळते. जावई सासऱ्यास आणतो, शिक्षक पालकास आणतो. सासऱ्यास बिटकॉइन कळलेले नसते; त्याचा भरवसा जावयावर असतो, आणि विकला जातो तो हा भरवसा.

बेळगाव काय, इंदूर काय, आपल्या मंडळ्यांत सारी सोयरीक एकमेकांत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गात एवढेच विचारून पाहावे: माझे पैसे बुडाले तर मी बुडालो, मी सांगितले म्हणून शेजाऱ्याने घातले आणि बुडाले, तर मी घेतलेली दलाली कोणाची?